मधली फाइल

“मुंगी चढतीय गं! पायावर मुंगी चढतीय!” स्वरूपा ओरडली आणि रुग्णालयाच्या त्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच पायावर उकळता चहा सांडला तरी जिला तीन वर्षं पत्ता लागत नव्हता, तिला मुंगी कळली म्हणजे केवढी गोष्ट! तिचा धाकटा भाऊ संग्राम याने तर पेढ्यांचा पुडा सोडलासुद्धा. संग्रामची बायको मैथिली तेवढी खाली वाकून बघत होती. पायावर मुंगीबिंगी काही नव्हती. डॉक्टर इनामदारबाई टाचेखाली बोट धरून हळूहळू दाबत होत्या, आणि नणंदबाईंना मात्र काहीतरी घोट्यावरून पोटरीकडे निघाल्यासारखं वाटत होतं.

“आता उभ्या राहा बघू,” डॉक्टर म्हणाल्या.

स्वरूपा उभी राहिली. पायावर भार पडला तशी मुंगी सुसाट सुटली आणि मांडीपर्यंत पोचली. “अगं बाई, पाल आहे, पाल!” म्हणत तिने पाय झटकला आणि ती डॉक्टरांच्या अंगावर कोसळली. पेढे खोलीभर झाले. कुणाला लागलं नाही, पण टाळ्या थांबल्या त्या थांबल्याच.

स्वरूपा कराडच्या मुलींना कबड्डी शिकवायची. चाळिशी उलटल्यावर पकड दाखवायला स्वतः मैदानात उतरू नये, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती उतरली, उलटी पडली, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं सगळं गेलं. वर्षभर खुर्चीत काढल्यावर तिला सेतू बसवला. मेंदूतून निघालेला ‘चाल’ हा हुकूम कण्याच्या दुखावलेल्या भागापाशी अडतो. सेतू तो हुकूम वरच्या बाजूला एका चकतीने टिपतो, पॅकेटांमध्ये भरून बिनतारी पाठवतो आणि कमरेला लावलेली काडेपेटीएवढी डबी तो खालच्या नसांना पोचवते. माणसाच्या अंगातलं एक छोटंसं नेटवर्कच म्हणा ना. स्वरूपा चालायला लागली, पण पाय तिचे नसल्यासारखे. जमीन लागली का, हे तिला डोळ्यांनीच बघावं लागे. मैदानावर ती मान खाली घालून फिरायची आणि तिच्या पोरी तिच्या पाठीमागे हव्या तेवढ्या खोड्या करून घ्यायच्या.

म्हणून आता दुसरा सेतू, उलट्या दिशेचा. पायांना जे कळतं ते मेंदूला पोचवणारा. तो दुसऱ्याच प्रयोगशाळेने बनवला होता आणि दोघांचे प्रोग्राम त्या एकाच डबीत नांदायचे होते. बाहेरच्या जगात प्रोग्राम लिहिण्याचं काम एव्हाना यंत्रांकडे गेलं होतं. अंगात बसणाऱ्या डब्या मात्र अजून सी भाषेवर चालत, कारण ती जुनी, काटकसरी आणि वर्षानुवर्षं तपासून घेतलेली. मैथिली अशाच डब्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होती. सी हाताने लिहिणारी माणसं इतकी कमी उरली होती, की घरात तिला मोडी वाचणाऱ्यांच्या रांगेत बसवत.

दोन प्रोग्राम जोडायचं काम रुग्णालयाने यंत्रालाच दिलं होतं. यंत्राने ते चुटकीसरशी केलं आणि खाली लिहिलं, चूक शून्य. त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, मैथिलीनेही.

“पुढच्या सोमवारी समिती बसतीय,” डॉक्टर पेढ्याचा चुरा झटकत म्हणाल्या. “दोन सेतूंचं जमत नसेल तर दुसरा काढून घेतील. आणि एकदा काढला, की त्या नसांना पुन्हा तारा लावता येत नाहीत.”

घरी येईपर्यंत स्वरूपा पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याच्या घड्या घालत बसली होती. तिला अशी बघण्याची मैथिलीला सवय नव्हती, आणि ते तिला फार लागलं.

संध्याकाळी तिने नणंदेला दिवाणावर आडवं केलं आणि तिच्या टाचेवर अंगठा ठेवला.

“कुठं कळतंय?”

“घोट्याला.”

मैथिलीने जरा जोर लावला. “आता?”

“गुडघ्याला.”

“आणि आता?”

“मांडीला. मी काय पेटी आहे का गं तुझी, सूर लावून बघायला?”

“वन्सं, नीट सांगा. मी जास्त दाबलं तर जास्त कळतंय का?”

स्वरूपाने डोळे मिटून विचार केला. “नाही. कळतंय तेवढंच. फक्त पळतंय.”

मैथिली उठली ती थेट कॉम्प्युटरवर जाऊन बसली. जोर वाढवला की जागा बदलते, याचा अर्थ एकच होता. जोराचा आकडा कुणीतरी जागेचा म्हणून वाचत होतं.

सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामच्या माथ्यावर हेडर फायली जोडतात. पुढे येणाऱ्या नावांचे अर्थ त्यांत सांगितलेले असतात: पॅकेट म्हणजे काय, त्यात कुठले कप्पे, कुठल्या क्रमाने. चालण्याच्या प्रयोगशाळेने पॅकेटात आधी ‘जागा’ ठेवली होती, मग ‘जोर’. जाणिवेच्या प्रयोगशाळेने आधी ‘जोर’, मग ‘जागा’. नावं तीच, क्रम उलटा. अशा दोन फायली एका प्रोग्रामात आल्या, की कंपायलरने, म्हणजे लिहिलेलं सगळं डबीला कळेल अशा भाषेत उतरवून देणाऱ्या प्रोग्रामने, ओरडायला हवं: एकाच नावाचे दोन अर्थ कसे? पण तो ओरडला नव्हता. एकच हेडर चुकून दोनदा वाचला जाऊ नये म्हणून त्याच्या दारावर एक पाटी लावलेली असते, की या पाटीची फाइल आधीच आत आली असेल तर मला वगळा. आता, नेटवर्कचे प्रोग्राम लिहिणारी माणसं कोरी फाइल घेऊन कधी बसत नाहीत. कुठला तरी जुना नमुना उचलायचा, आतला मजकूर बदलायचा, की झालं काम. या दोन्ही प्रयोगशाळांनी योगायोगाने एकच नमुना उचलला होता आणि दारावरची पाटी बदलायची दोघीही विसरल्या होत्या. पहिली फाइल आत गेली. दुसरीच्या दारावर तीच पाटी दिसली, म्हणून कंपायलरने ती मुकाट्याने वगळली आणि जाणिवेची पॅकेटं चालण्याच्या क्रमाने वाचायला लागला.

मैथिलीने एका प्रतीत पाटी बदलून पाहिली, तेव्हा कुठे कंपायलरने तोंड उघडलं. पडदा लाल ओळींनी भरला. तिला हायसं वाटलं.

“सापडलं!” ती ओरडली आणि नणंदेला सगळं सांगत सुटली.

स्वरूपाने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तुझ्यामाझ्यासारखंच झालं की,” ती म्हणाली.

मैथिलीचं माहेरचं नावही स्वरूपाच. लग्न ठरलं तेव्हा थोरल्यांनी ठरवलं, एका घरात दोन स्वरूपा नकोत, हाक मारली की दोघी धावतील. मग संग्रामने तांदळाच्या ताटात अंगठीने ‘मैथिली’ लिहिलं. त्या वेळी भर मांडवात एकटी नणंदच भांडली होती, की नव्या मुलीचं कशाला बदलता, माझं बदला, मी काही तक्रार करत नाही. तिचं कुणी ऐकलं नाही. पण परक्या घरात पहिल्याच दिवशी आपल्या बाजूने कुणीतरी भांडलं, हे मैथिली विसरली नाही. या बाईवर तिचा तेव्हापासून जीव होता.

“मग बदला की एकीचं नाव,” स्वरूपा म्हणाली.

“यंत्रही तेच म्हणतंय. पण दोन्ही फायलींवर मंजुरीचे शिक्के आहेत, वन्सं. एक अक्षर हलवलं तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. चार-पाच वर्षं जातील.”

“सोमवारी समिती आहे.”

“हो ना.”

“मग द्या म्हणावं दोघींना वेगळी चूल मांडून.”

मैथिलीला हसू आलं. तिच्या डोक्यात नेमकं तेच होतं. दोन हेडर एका फायलीत आणायचेच नाहीत. चालण्याचा प्रोग्राम त्याच्या हेडरसकट वेगळा कंपाइल करायचा, जाणिवेचा त्याच्या हेडरसकट वेगळा. मध्ये तिसरी एक लहानशी फाइल ठेवायची, जिला दोघींपैकी कुणाचीच नावं ठाऊक नाहीत. ती एकीकडून साधे आकडे घेणार आणि ज्याचा त्याला नीट क्रमाने पोचते करणार. दोघींना एकमेकींचं तोंड बघायची गरजच नाही.

“इतकं सोपं आहे तर तोंड का पाडलंयस?”

“ती मधली फाइल यंत्राला लिहिता येत नाही. शिक्का असलेल्या दोन प्रोग्रामांच्या मध्ये काही लिहायचं तर जबाबदार माणूस लागतो, असा नियम आहे. त्याने हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. उद्या काही झालं तर जाब त्याला.”

हे संग्रामने ऐकलं आणि जेवताना त्याचा घास हातात राहिला.

“ताई चालतीय ना? मग बास की,” तो म्हणाला. “तू लिहिलंस आणि ती जिन्यावरनं पडली म्हणजे? तिच्या पडण्याला तू कारण, असं मी आयुष्यभर मनात ठेवायचं का?”

“मी पडणार नाही,” स्वरूपा म्हणाली.

“तू मागच्या वेळी पण हेच म्हणालीवतीस.”

ताट सरकवून तो उठला. त्याच्या रागाखाली नुसती भीती होती, हे दोघींनाही कळत होतं. बहीण खुर्चीत होती त्या वर्षी तिला उचलून फिरवता फिरवता तो पाठीतून वाकला होता आणि त्याने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. त्याला दुखवून काही करायचं मैथिलीच्या जिवावर आलं. तिने नणंदेकडे पाहिलं. स्वरूपाने भाताची मूद मोडली आणि ताटाकडे बघतच म्हणाली, “तीन वर्षांत मला जमीन भेटलेली नाही, मैथिली.” तेवढं बोलून ती जेवायला लागली.

मैथिलीने फाइल लिहिली. ओळी मोजक्याच होत्या, पण एकेका ओळीवर तिने इतका जीव ओतला, की ऑफिसातल्या लोकांना वाटलं हिची तब्येत बिघडलीय. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं, की नणंदेच्या पायांना जे जे लागेल ते ते आता आपल्या या फायलीतून जाणार. गवत, फरशी, ऊन, काटा, ठेच. ठेच आली आणि तिचा हात थांबला. तीन वर्षांनी या बाईच्या वाट्याला पहिली कुठली गोष्ट येणार, तर ठेच? तिने आणखी एक ओळ घातली: जोर ठरावीक मर्यादेच्या वर गेला, तर तो मर्यादेवरच ठेवावा. डॉक्टरांना तिने फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला बरंच आहे ते. स्वरूपाला मात्र कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी समितीपुढे स्वरूपा अनवाणी उभी राहिली. या वेळी मुंगी नव्हती की पाल नव्हती. तिने पाय टेकवला आणि तळवा जरा सरकवून पाहिला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “फरशी गार आहे. आणि जरा घाण आहे, झाडली नाहीये कुणी.” समितीतले वयस्कर गृहस्थ खळखळून हसले आणि मंजुरीची सही झाली. परतताना बिनड्रायव्हरच्या एसटीत स्वरूपाने चपला काढल्या आणि कराड येईपर्यंत ती गाडीची थरथर तळव्यांनी ऐकत बसली. संग्राम खिडकीकडे तोंड करून रडला. मैथिलीला इतकं सुख झालं होतं, की तिला त्या एका ओळीची आठवणही राहिली नाही.

पुढचे काही दिवस घरात सण होता. स्वरूपा कुठेही पाय ठेवून बघायची: ओल्या फडक्यावर, तांदळाच्या पोत्यावर, झोपलेल्या संग्रामच्या पाठीवर. मैदानावर तर ती दिवसभर असायची. तिला आता मान वर करून चालता येत होतं आणि पोरींच्या खोड्या एकदम बंद पडल्या होत्या.

एका संध्याकाळी ती मैदानावरून आली आणि फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले. उजव्या पावलाचे लाल.

संग्राम धावला. टाचेखाली फोड येऊन फुटला होता, त्यात खडा रुतून बसला होता आणि कडेने सुजलं होतं. ते दोन-तीन दिवसांचं दुखणं दिसत होतं.

“ताई, तुला कळलं नाही?”

“काहीतरी टोचतंय एवढं कळत होतं,” स्वरूपा गोंधळून म्हणाली. “चपलेतला धागा असंल म्हटलं. आणि कसं गं हे? गवताची काडी कळती मला, आणि एवढी जखम…”

तिने मैथिलीकडे पाहिलं. मैथिलीचा चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यभर मुलींच्या पावलांवरून त्यांचा डाव ओळखणाऱ्या त्या बाईला आणखी काही विचारावं लागलं नाही.

“तू केलंयस का काही?”

“मर्यादा घातली होती,” मैथिली म्हणाली. “फार दुखू नये म्हणून. सुरुवातीपुरती.”

“मला न सांगता.”

“वन्सं, तुम्ही इतकं सोसलंय…”

“मी सोसलंय ना? मी!” स्वरूपाचा आवाज मैदानावर चढतो तसा चढला. “पोरीचा पाय दुखतोय हे मला कळलं नाही तर तिला आत ठेवायचं की बाहेर काढायचं, हे मी कशावरनं ठरवायचं? दुखलं तर सांगा, लपवू नका, हे एकच शिकवत आले मी त्यांना. आणि माझ्याच घरात माझं दुखणं दुसरीनं ठेवून घेतलं? अगं, नाव बदललं तेव्हा तुला विचारलं नव्हतं कुणी. कसं वाटलं होतं तुला?”

मैथिलीला रडू आवरेना. कुणी रागावलं म्हणून नव्हे, तर ते खरं होतं म्हणून. तिला आपल्या हातून चांगलंच होतंय असं वाटत होतं, आणि तिचं नाव बदलणाऱ्यांनाही तेव्हा तसंच वाटलं असणार. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

“रडू नको. काढ ती ओळ.”

“आत्ता? जखम उघडी आहे, ताई,” संग्राम मध्ये पडला. “बरी झाल्यावर काढू दे की.”

“बरी झाल्यावर काय उपयोग? आत्ता दुखायला पाहिजे मला.”

मैथिलीने डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “त्यांचे पाय आहेत. काढा.” तिने ओळ काढली, फाइल पुन्हा कंपाइल केली, चुकांचा रकाना तीन वेळा वाचला आणि डबीला नवा प्रोग्राम पाठवला. डबीवरचा हिरवा ठिपका विझला आणि परत लागला.

स्वरूपाने उजवा पाय जमिनीवर टेकवला.

“आई गं!”

ती इतक्या जोरात किंचाळली, की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. संग्रामने तिला धरलं. तिचे डोळे गच्च मिटले होते, ओठ दाताखाली होता, आणि गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

“कमी करू का? वन्सं, थोडंसं कमी करू?” मैथिलीने घाबरून विचारलं. या वेळी तिने विचारलं होतं.

“हात तर लावून बघ!” स्वरूपा रडत रडत हसली. “दुखतंय गं. काय दुखतंय, बाई! सोड रे संग्राम, मला मोरीपर्यंत जाऊ दे. पाय धुते.”

तो सोडायला तयार नव्हता. मैथिलीने त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्याने पकड सैल केली.

स्वरूपा निघाली. डावं पाऊल तिने पूर्ण टाकलं. उजवं टाकताना टाच आपोआप वर उचलली गेली, भार चवड्यावर आला आणि अंग डावीकडे झुकलं. पुन्हा डावं पूर्ण, उजवं चवड्यावर.

मैथिली बघत राहिली. ही चाल कुठल्याच प्रोग्राममध्ये नव्हती. चालण्याच्या प्रयोगशाळेने ती लिहिली नव्हती, जाणिवेच्या प्रयोगशाळेने लिहिली नव्हती, तिच्या मधल्या फायलीतही ती नव्हती. खालून दुखणं वर जात होतं, वरून हुकूम खाली येत होता, आणि मधला सगळा विचार त्या बाईचा स्वतःचा होता.

“संग्राम,” ती त्याचा दंड धरून पुटपुटली, “वन्सं लंगडतायत.”

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

“काय उभे राहिलाय दोघं माझ्याकडे बघत?” मोरीतून आवाज आला. “हळद आणा कुणीतरी. जीव चाललाय माझा!”